मारत नाही कुणी, पण...

आमच्या भोसरी गावठाणात एक आजी राहतात. जमीन एमआयडीसीत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या मालकांनी हयात असताना भाड्याच्या सात खोल्या बांधल्या. कंपनीत कामाला आलेली पोरं तिथं राहतात, भाडंही चांगलं येतं. अशा आजींनी एकदा मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, ''बाई, शंभर रुपये देतीस का? बीपीच्या गोळ्या आणायच्यात.''

मी चक्रावलेच. तीन मजली घर, दारात गाडी, सून बोलायला गोड. मग एकेक उलगडत गेलं. 'भाड्याचे कागद आहेत' असं सांगून मुलानं रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन अंगठा घेतला होता. ते बक्षीसपत्र होतं. भाडं आता त्याच्याकडे. चष्म्याची काडी मोडली, ती मोडलेलीच. ''मारत न्हाई गं कुणी, पन बोलत बी न्हाई,'' आजी म्हणाल्या.

मैत्रिणींनो, मला लाज वाटली. वर्षभर मी बघत होते. देवळात हरिपाठाला येणं त्यांनी बंद केलं, तर मी म्हटलं, वय झालं. पाहुणे आले की त्या मुलाच्या तोंडाकडे बघूनच बोलायच्या, तर मी म्हटलं, विसरतात हल्ली.

छळ म्हणजे मारहाण, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण टोमणे, अबोला, घराबाहेर काढायची धमकी हाही छळच. पेन्शन परस्पर काढणं, फसवून सही घेणं हाही. औषध, आंघोळ, चष्मा, जेवण यांकडे मुद्दाम काणाडोळा करणं हासुद्धा. म्हणून खुणा ओळखा. माणूस एकदम गप्प होतो, वजन उतरतं, कपडे मळके राहतात. अंगावरच्या वळाचं कारण दरवेळी 'पडले' असंच मिळतं. आणि घरचे त्यांना एकटं बोलूच देत नाहीत. एखाद्या खुणेवरून लगेच आरोप करू नका, आजारपणही असू शकतं. पण एकांतात, निवांत विचारा. त्यांना काय हवंय, ते आधी ऐका.

कायदाही पाठीशी आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलगा असो वा मुलगी, पोटगी मागता येते. अर्ज प्रांत ऑफिसातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला शिक्षाही आहे. फसवून किंवा दबावानं करून घेतलेलं बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. आणि राजीखुशीनं घर नावावर करायचं असेल, तर 'आयुष्यभर सांभाळ करीन' ही अट कागदात लिहूनच घ्या. ती मोडली, तर बक्षीसपत्र रद्द करून घेणं सोपं जातं. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन नंबर देवघराशेजारी चिकटवून ठेवा.

सुनांचंही मला कळतं. मीही सूनच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना जीव मेटाकुटीला येतो. सासूबाईंनी दुसऱ्यांदा चहा मागितला की, ''तुम्हाला काय काम आहे दुसरं?'' असं मीही फटकन बोललेय. थकून एकदा तोंडातून जाणं वेगळं, त्याची सवय होणं वेगळं. त्या मधल्या पायरीवर आपण सावध व्हायचं. नणंदेला, दिराला हक्कानं सांगायचं, महिन्यातले आठ दिवस तुमचे.

आजींनी तक्रार केली नाही. ''पोराला कचेरीत उभा करायचा न्हाई,'' म्हणाल्या. मग त्यांचे भाऊ आणि भावकीतली दोन जाणती माणसं बसली. दोन खोल्यांचं भाडं आता आजींच्या बँक खात्यात जमा होतं. पासबुक त्यांच्याच उशाखाली असतं.

नवा चष्माही आला. घरातलं बोलणं मात्र अजून सुरू झालेलं नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी पाच मिनिटं त्यांच्या ओट्यावर टेकते.

तुमच्या आळीतही असा एखादा ओटा असेल. बघा जरा.