गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू आला, तरच पुढची ऑर्डर

या आठवड्याच्या व्हिडिओत स्टेज मॉनिटर कसे लावायचे ते दाखवलं, पण धंद्याची बाजू राहून गेली. ती इथे लिहितो.

बोरीवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असला की आयोजक एकच विचारतो, "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल ना?" आणि आपण तेवढ्याचंच कोटेशन देतो. मीही सुरुवातीला एका कार्यक्रमाला तसंच दिलं होतं. मॉनिटर दोन, मिक्स एकच. ढोलकीवाले काका म्हणाले गाणं वाढव, गायिका म्हणाली मला माझाच आवाज येत नाही. मी वाढवत गेलो आणि दुसऱ्याच गाण्यात शिट्टी! हॉलमध्ये आवाज छान होता, तरी पुढच्या कार्यक्रमाला तिने दुसरा साउंडवाला आणला. कारण साउंड कोणाचा घ्यायचा, हे आयोजक कलाकारालाच विचारतो.

मॉनिटर वाढवला की तोच आवाज माइकमध्ये परत शिरतो. म्हणून आधी कमी काय करता येईल ते बघा. गायिकेला स्वतःचा आवाज आणि सुरासाठी कीबोर्ड पुरतो. ढोलकी शेजारीच वाजतेय, ती तिच्या मॉनिटरमध्ये कशाला? ऑक्स प्री-फेडर ठेवा, नाहीतर हॉलसाठी फेडर हलवला की तिचा मॉनिटरही बदलतो. शुअरचा एसएम ५८ कार्डिऑइड आहे, त्याला मागून सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे. बीटा ५८ सुपरकार्डिऑइड, त्याला मॉनिटर मागून थोडा बाजूला. आणि कोणी माइकची जाळी मुठीत धरली, तर हे सगळं गणित बिघडतं. गोड बोलून सांगा, पण सांगा.

आता पैसे. कोटेशनमध्ये मॉनिटर मिक्सची वेगळी ओळ टाका. प्रत्येक मिक्सला एक ऑक्स, एक मॉनिटर, अॅम्पचा एक चॅनल आणि साउंडचेकचा वेळ जातो. आधीचा प्रयोग सुटल्यावर मांडणीला वेळ थोडाच मिळतो, तेव्हा दोनच मिक्स सांभाळता येणार असतील तर चार कबूल करू नका. "दादा, एवढं फुकटात टाका ना" असं आलं, तर टाका हवं तर, पण बिलात किंमत लिहून सवलत दाखवा.

ऑर्डर पक्की झाली की कलाकारांना आदल्या दिवशी एक फोन करा, "मॉनिटरमध्ये काय काय लागेल?" गायिका एका वाक्यात सांगते. ढोलकीवाल्या काकांसाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा.