दूरध्वनीचे दर : जाहिरातींतील शब्द व ग्राहकाचा हक्क

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आंकडा छापलेला नसेल, तर शहाणा शेतकरी ती पिशवी उचलीत नाहीं. खताच्या गोणीवरील नत्र, स्फुरद व पालाश यांचें प्रमाण वाचल्यावांचून तो पैसे मोजीत नाहीं. परंतु हाच शेतकरी बाजाराच्या दिवशीं दुकानावरील ‘अमर्याद बोला’ ही पाटी पाहून दोन-तीनशें रुपये देतो, आणि आपण नक्की काय विकत घेतलें हें विचारीतहि नाहीं. दूरध्वनि आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मोंढ्यांतील भाव, पावसाचा अंदाज, जनावरांचा डॉक्टर, बँकेचा निरोप, हें सर्व त्यावरच येतें. सबब त्याच्या दरासंबंधीं कंपन्या जे शब्द वापरतात त्यांचा खरा अर्थ काय, व तो फसवा निघाल्यास दाद कोठें मागावी, याची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

‘मोफत साहाय्य’

प्रथम माझाच अनुभव सांगतों. गेल्या खरिपांत विहिरीवरील पंपाचा स्टार्टर बिघडला. पावतीवर ‘मोफत ग्राहक-साहाय्य’ असें छापून खालीं क्रमांक दिला होता. त्यावर फोन केला तों २२ मिनिटें गाणेंच ऐकूं आलें, आणि मग शिल्लक संपून फोन बंद पडला. सेकंदास अडीच पैसे या दरानें ३३ रुपये गेले होते. क्रमांक पुनः पाहिला, तेव्हां तो १८६० या आंकड्यांनीं सुरू होणारा होता.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. १८०० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकाचा आकार ज्याला फोन केला तो भरतो; फोन करणाऱ्यास कांहीं पडत नाहीं. २१ जानेवारी २००४ रोजीं सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक याच जातीचा आहे. १८६० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकास मात्र साध्या स्थानिक संभाषणाचा आकार फोन करणाऱ्यास द्यावा लागतो. असा क्रमांक ठेवणें हा गुन्हा नव्हे. त्याला ‘मोफत’ म्हणणें ही फसवणूक होय.

ही खोड आपल्याच देशांतील आहे असें नाहीं. ब्रिटनमध्यें ०८४५ नें सुरू होणाऱ्या क्रमांकांचें वर्णन ‘स्थानिक दर’ असें कित्येक वर्षें केलें जात असे. आरंभीं तें बरेंचसें खरें होतें. पुढें साध्या संभाषणाचे दर उतरले, मोबाईलवरून या क्रमांकांस पुष्कळच अधिक आकार पडूं लागला, तरी शब्द मात्र जुनाच राहिला. ग्राहकांनीं त्याविरुद्ध तक्रारी केल्या. अखेर १ जुलै २०१५ पासून ग्राहकाच्या स्वतःच्या कंपनीचा आकार किती व त्या क्रमांकाचा आकार किती, हे दोन्ही भाग निरनिराळे सांगण्याचा नियम तेथें अमलांत आला.

‘फुकट’ व ‘अमर्याद’

एका कंपनीच्या ग्राहकानें दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन केला, म्हणजे पहिली कंपनी दुसरीस संभाषण पोंचविण्याबद्दल मोबदला देत असे. हा मोबदला १ ऑक्टोबर २०१७ पासून मिनिटास ६ पैसे होता. जिओ कंपनीनें २०१६ सालीं धंद्यास आरंभ केला तो संभाषण फुकट असल्याची जाहिरात करून. परंतु ऑक्टोबर २०१९ मध्यें दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकांवरील संभाषणास मिनिटास ६ पैसे घेण्यास तिनें सुरुवात केली. १ जानेवारी २०२१ पासून सदर मोबदलाच रद्द झाला व तो आकारहि गेला. यावरून घ्यावयाचा धडा इतकाच कीं, ‘फुकट’ हा शब्द ज्या हिशेबावर उभा असतो तो हिशेब जाहिरातींत दिसत नाहीं, आणि हिशेब बदलला कीं शब्दहि बदलतो.

‘महिना’ व ‘मिनिट’

पुष्कळ पॅक २८ दिवसांचे असतात, व लोक त्यांस महिन्याचे समजतात. परंतु २८ चे १३ हप्ते केले म्हणजे ३६४ दिवस होतात. ३०० रुपयांचा पॅक घेणारा वर्षाला ३,६०० रुपये खर्च धरतो, आणि प्रत्यक्षांत ३,९०० रुपये देतो. या तक्रारीवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, जानेवारी २०२२ मध्यें नियम केला. त्यान्वयें प्रत्येक कंपनीनें ३० दिवसांचा निदान एक पॅक, व दर महिन्याच्या त्याच तारखेस नवा करतां येईल असा निदान एक पॅक, ठेवलाच पाहिजे. तो दुकानदार आपण होऊन दाखवील असें नाहीं, मागून घ्यावा.

ज्यांच्याजवळ साधा फोन आहे व इंटरनेटची गरज नाहीं, अशांसाठीं २३ डिसेंबर २०२४ चा नियम महत्त्वाचा आहे. केवळ संभाषण व एसएमएस यांसाठीं वेगळा पॅक ठेवणें त्यानें कंपन्यांस बंधनकारक केलें असून, अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकते.

शिलकेंतून आकार कापला जात असेल तर तो सेकंदावर आहे कीं मिनिटावर, हेंहि विचारावें. सेकंदास १ पैसा आणि मिनिटास ६० पैसे हे दर दिसावयास सारखेच. पण ६१ सेकंदांच्या संभाषणास पहिल्या रीतीनें ६१ पैसे पडतात, तर दुसऱ्या रीतीनें दोन मिनिटें धरून १ रुपया २० पैसे.

दाद मागण्याचा क्रम

पहिली गोष्ट पुराव्याची. पाटीचें अथवा पावतीचें छायाचित्र तारखेसह ठेवावें. रिचार्ज केल्यावर येणारा संदेश पुसूं नये. आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकासहि मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशीलवार हिशेब मागण्याचा अधिकार आहे, व त्यासाठीं कंपनीस ५० रुपयांहून अधिक घेतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट कंपनीकडे तक्रार. ती नोंदविण्यास खर्च नाहीं. तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. त्यावांचून केलेलें बोलणें वाऱ्यावर गेलें असें समजावें. ठराविक मुदतींत समाधान न झाल्यास ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आंत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करावें. त्यालाहि फी नाहीं, व निकाल ३९ दिवसांत झाला पाहिजे.

तिसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, क्रमांक १९१५. आणि चौथी जिल्हा ग्राहक आयोग. ट्राय नियम करते, परंतु एकेका ग्राहकाचा तंटा ती स्वतः तोडीत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २००९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा आधार घेऊन, दूरध्वनीच्या आकाराचे तंटे ग्राहक न्यायालयांपुढें चालत नाहींत, असें कंपन्या सांगत असत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें खासगी कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणांत, असे तंटे तेथें चालूं शकतात, असा स्पष्ट निकाल दिला. आतां तें कारण पुढें करतां येत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यांतच दावा करूं शकतो. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं. मुदत दोन वर्षांची आहे. एकाच प्रकारें फसलेले अनेकजण असल्यास आयोगाच्या परवानगीनें एकानें सर्वांच्या वतीनें तक्रार करावी, अशीहि सोय आहे.

जाहिरातच फसवी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळीं १० लाख व पुढें ५० लाख रुपयांपर्यंत दंड करूं शकतें. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें अटींचा खुलासा जाहिरातीच्याच भाषेंत असला पाहिजे. मोठीं अक्षरें मराठींत आणि अटी मात्र बारीक इंग्रजींत, असें आढळल्यास तेवढेंच कारण तक्रारीस पुरेसें आहे.

पुराव्याचें महत्त्व

‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमांत २००७ सालीं प्रेक्षकांसाठीं स्पर्धा होती. तिच्या उत्तराच्या प्रत्येक एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. स्पर्धा फुकट आहे असा लोकांचा समज करून देऊन बक्षिसाचा पैसा या आकारांतूनच काढला जातो, अशी तक्रार एका ग्राहकसंस्थेनें केली. राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं ती मान्य करून १ कोटि रुपयांचा दंड केला. परंतु ऑक्टोबर २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. कारण बक्षिसाचा पैसा एसएमएसच्या उत्पन्नांतूनच दिला गेला, हें दाखविणारा पुरावा पुढें आला नव्हता. नुसती खात्री असून भागत नाहीं. ती कागदावर दाखवितां आली पाहिजे.

पंपाच्या कंपनीस मीं पावतीची प्रत व संभाषणाचा हिशेब जोडून पत्र पाठविलें. पहिल्यास उत्तर आलें नाहीं. दुसऱ्यांत जिल्हा आयोगाचा उल्लेख केला, तेव्हां ३३ रुपये परत आले. रक्कम क्षुल्लक आहे हें मला मान्य आहे. परंतु काट्यावर क्विंटलमागें पावशेर मारणारा व्यापारीहि एका शेतकऱ्याचें थोडकेंच नेतो. तो धनवान होतो तो सर्वांनीं गप्प राहिल्यामुळें. तरी सभासदांनीं आपल्या पावत्या व रिचार्जचे संदेश संस्थेच्या मासिक सभेस घेऊन यावें. दहाजणांची तक्रार एक निघाली, तर अर्जहि एकच लिहितां येईल.