कॉमिक्समध्ये घरभाड्याचं राजकारण असावं का?

कला आणि प्रचार यांचा विचार करताना आज आपण एक छोटा प्रश्न घेऊ. घरमालक, भाडं, गरिबांची वस्ती यांविषयी राजकीय संदेश कॉमिक्समध्ये असावा का? पुष्कळांचं उत्तर तयार असतं : ‘करमणुकीत राजकारण कशाला?’ कॉमिक्स आधी निर्मळ होतं, राजकारण त्यात मागाहून घुसलं, असं या उत्तरात गृहीत धरलेलं आहे. ते खरं आहे का, बघू.

सुपरमॅन प्रथम अवतरला तो जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. लेखक जेरी सीगल, चित्रकार जो शूस्टर. आणि जानेवारी १९३९ च्या आठव्याच अंकात हा नायक काय करतो? गलिच्छ वस्तीतली मुलं गुन्हेगारीकडे वळतात, याचं कारण तो मुलांमध्ये नाही, वस्तीमध्ये शोधतो. वादळानं उद्ध्वस्त झालेला भाग सरकार नव्यानं बांधून देतं, हे त्याला कळतं. मग तो लोकांना बाहेर पडायला सांगून ती वस्ती स्वतःच पाडून टाकतो! सरकारला स्वस्त भाड्याची नवी घरं बांधणं भाग पडतं. अमेरिकेत सार्वजनिक घरबांधणीचा कायदा झाला होता १९३७ साली. म्हणजे ही गोष्ट तेव्हाच्या ताज्या राजकारणात उभी होती.

तेव्हा ‘असावं का’ हा वाद इतिहासानंच निकालात काढला आहे. खरा प्रश्न पुढचा : संदेश वाचकाशी कसा वागतो?

कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी जागा असते. तिथं काय घडलं, ते वाचक मनानं भरतो. सुपरमॅनच्या गोष्टीत एका चौकटीत ढिगारा, पुढे थोड्याच चौकटींत नव्या इमारती. मधल्या काळात माणसं राहिली कुठे? सगळी परतली का? आपल्याकडे चाळीच्या पुनर्विकासात संक्रमण शिबिरात दिवस काढलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. खुद्द अमेरिकेत सेंट लुईसचा प्रुइट-आयगो हा ३३ इमारतींचा प्रकल्प १९५० च्या दशकात उभा राहिला आणि १९७२ पासून पाडायला सुरुवात झाली. नव्या भिंती पुरेशा नसतात, हे त्या कोऱ्या जागेत राहून गेलं होतं.

आता विल आइसनर यांचं १९७८ चं ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ घ्या. ब्राँक्समधल्या भाड्याच्या इमारतीत राहणारा फ्रिमे हर्श हा सज्जन, धार्मिक माणूस. दत्तक मुलगी दगावते, देवाशी केलेला करार मोडला असं त्याला वाटतं, आणि तोच पुढे इमारत विकत घेऊन कठोर घरमालक होतो. इथं घरमालक वाईट की चांगला, हे कोणी आपल्याला सांगत नाही. भाडेकरू आणि मालक एकाच माणसात बघायला लागतात, आणि निवाडा आपल्यावर येतो.

म्हणून आपण कसोटी अशी ठेवू : गोष्ट वाचून झाल्यावर लेखकाशी वाद घालायला जागा उरते का? उरत असेल, तर तिच्यात राजकारण खुशाल असू द्यावं. उरत नसेल, तर ती पत्रकबाजी झाली. मग ती भाडेकरूच्या बाजूची असो की मालकाच्या. आणि हो, भाड्याचा उल्लेखही नसलेली गोष्ट तटस्थ असते, असं समजू नका. नायक राहतो त्या घराचं भाडं कोण भरतं, हे न विचारणं हीसुद्धा एक भूमिकाच आहे.