परजीवींचा संसार (भाग ६) : आयत्या मेदाची वाहतूक

गेल्या भागात आपण पट्टकृमी पाहिला. त्याला तोंड नाही, आतडे नाही. यजमानाने पचवलेले अन्न तो अंगाच्या आवरणातूनच शोषून घेतो. असे वर्णन वाचले की ‘आयतोबा’ हा शब्द आपसूक ओठांवर येतो. दुसऱ्याच्या ताटातले खात राहिला आणि वापराअभावी एकेक क्षमता गमावून बसला, अशी परजीवीची प्रतिमा आपल्या मनात पक्की आहे. या भागात चपट्या कृमींचा मेदाम्लांशी असलेला व्यवहार तपासून ती प्रतिमा कितपत खरी आहे ते पाहू. माझे म्हणणे असे की या कृमींना मेदाम्ल आयते मिळते, पण ते आयते पोहोचत नाही. ते आत घेऊन हव्या त्या जागी नेण्यासाठी त्यांना बरीच यंत्रणा उभारावी लागते, आणि त्यांचे मर्मस्थानही तिथेच आहे.

आधी परावलंबनाचा पुरावा पाहू. आपल्या पेशी साध्या दोन-कार्बनी तुकड्यांपासून मेदाम्ल घडवू शकतात. सोळा कार्बनांचे एक पामिटिक आम्ल तयार व्हायला जोडणीच्या ७ फेऱ्या होतात आणि एनएडीपीएच या क्षपणकारक रेणूचे १४ नग खर्ची पडतात. रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा मॅन्सोनाय या कृमीला हे जमत नाही, असे मेयर आणि ब्यूडिंग यांच्या गटाने १९७० साली दाखवले. यजमानाकडून आलेल्या मेदाम्लाची साखळी तो लांबवू शकतो, मात्र पहिल्यापासून घडवू शकत नाही. २०१३ मध्ये चार पट्टकृमींचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा त्यांच्यातही मेदाम्ल आणि कोलेस्टेरॉल घडवणारी साखळी गायब असल्याचे दिसले. इथवर ‘आयतोबा’ हे नाव शोभते. पण १९७०च्या त्याच अभ्यासात ड्युगेशिया हा गोड्या पाण्यात मोकळा फिरणारा, शिकार करून जगणारा प्लॅनेरियाही तपासला होता, आणि त्यालाही मेदाम्ल घडवता आले नाही. त्यामुळे ही उणीव परजीवीपणाच्या आळसातून आली असे म्हणणे कठीण होते. चपट्या कृमींच्या घराण्यातच ती जुनी असावी, आणि परजीवी शाखांना ती वारशाने मिळाली असावी, हा अर्थ अधिक सरळ आहे.

आता वाहतुकीकडे वळू. रश्शावर तेलाचा तवंग का येतो हे सांगायला नको. मेदाम्लाची लांब शेपटीही तशीच पाण्याला टाळते. म्हणूनच आपल्या रक्तात मोकळे मेदाम्ल जवळजवळ नसतेच. ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. अल्ब्युमिनच्या एका रेणूवर लांब साखळीच्या मेदाम्लांसाठी सात जागा आहेत. कृमीला तिथून मेदाम्ल सोडवून आत घ्यावे लागते, आणि आत पुन्हा पाणीच असते. त्या पाण्यात त्याला सांभाळून नेणारे नावाडी म्हणजे मेदाम्ल-बंधक प्रथिने. त्यातले एक जवळून पाहा. सुमारे १३० अमिनो आम्लांची एक साखळी दहा पट्ट्यांत पुढे-मागे दुमडते आणि त्या पट्ट्यांची एक छोटी डबी होते. डबीच्या तोंडावर दोन आखूड मळसूत्रांचे झाकण असते. झाकण किंचित सरकते, मेदाम्ल आत शिरते आणि पाण्यापासून लपते. शिस्टोसोमातील अशा प्रथिनाला ‘एसएम १४’ म्हणतात. गायी-म्हशींच्या यकृतात घर करणाऱ्या फॅसिओला या लिव्हर फ्लूकमध्येही त्याचे भाऊबंद आहेत. पट्टकृमींनी तर याहून वेगळा मार्गही काढला आहे. हायडॅटिड गाठ तयार करणारा एकिनोकॉकस ‘अँटिजेन बी’ नावाचे मेदवाहक प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतो आणि गाठीतल्या पाण्यात सोडतो. गाठीच्या अवस्थेत या कृमीची सर्वाधिक चालणारी जनुके कोणती हे पाहिले, तेव्हा अँटिजेन बी आणि मेदाम्ल-बंधक प्रथिने यांची जनुके त्यांत होती. आपली पुंजी जीव कशावर खर्च करतो यावरून त्याची गरज ओळखावी.

यावर पहिला आक्षेप असा की मेदाम्ल पेशीपटलातून स्वतःहूनही झिरपते. कृत्रिम पटलांवरचे प्रयोग तसे सांगतात. मग नावाड्याची गरज काय? पण उंबरठा ओलांडणे आणि घरभर पोहोचणे यांत फरक आहे. आत आलेले मेदाम्ल कुणी उचलून नेले नाही, तर दोन्ही बाजूंचे प्रमाण समतोलात येऊन आवक थांबते. शिवाय साबण म्हणजे मेदाम्लाचाच क्षार. मोकळे मेदाम्ल साठत गेले तर ते पेशीची पटले साबणासारखी विरघळवू लागेल. परजीवी चपट्या कृमींचे आवरण तर एकसंध असते. त्यात पेशींच्या भिंती नसतात, आणि केंद्रके स्नायूंच्या थराखाली असून अरुंद नळ्यांनी वरच्या थराला जोडलेली असतात. इतका पल्ला पाण्याला टाळणाऱ्या रेणूने एकट्याने गाठणे अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रौढ शिस्टोसोमा ग्लुकोजवर जगतो हे जुने ज्ञान आहे. मग मेदाम्लाला एवढे महत्त्व का? २०१२ मध्ये एका गटाने मांडले की मादी अंडी घालण्यासाठी मेदाम्ल जाळून ऊर्जा मिळवते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हे खोडून काढले. त्यांच्या मते हा कृमी मेदाम्ल जाळत नाही आणि जाळू शकतही नाही. ते बांधकामाला लागते. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण तिने ज्वलनाची साखळीच तपासली आहे. तरीही मूळ मुद्द्याला धक्का लागत नाही. शिस्टोसोमा मॅन्सोनायची मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते, फॅसिओला हेपॅटिका हा कृमी वीस-पंचवीस हजार. प्रत्येक अंड्यातल्या पेशींना पटले हवीत आणि पटलांना मेदाम्ल. इंधन म्हणून असो वा वीट म्हणून, वाहतूक अडली की वंश अडतो. आणि आजार पसरवतात ती अंडीच. शिस्टोसोमाच्या बाबतीत तर ऊतींत अडकलेली अंडीच मुख्य इजा करतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अशी डबीसारखी प्रथिने आपल्या शरीरातही आहेत. मग कृमीच्या नावाड्याला रोखताना आपलाच बुडणार नाही का? ही भीती रास्त आहे, आणि म्हणून औषध शोधताना दोन्ही प्रथिनांतले बारीक फरक हेरावे लागतील. मात्र अँटिजेन बीच्या कुळातील प्रथिने पट्टकृमींचीच खास आहेत. सस्तन प्राण्यांत त्यांना जोड नाही. दुसरी वाट लसीची. ब्राझीलच्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेत मिरियम टेंडलर यांच्या गटाने एसएम १४ वर आधारलेली लस विकसित केली. तिच्या मानवी चाचण्या ब्राझीलमध्ये सुरू होऊन सेनेगलपर्यंत गेल्या. हे प्रथिन बहुतांशी कृमीच्या आत असते, तिथे प्रतिपिंडे कशी पोहोचणार, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर चाचण्यांनीच द्यायचे आहे. पण पर्याय शोधण्याची निकड मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना शिस्टोसोमावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती, आणि हाताशी मुख्य औषध एकच, प्राझिक्वांटेल. ते कोवळ्या कृमींवर कमी चालते आणि पुन्हा होणारी लागण थांबवत नाही. हा आजार आपल्याला सर्वस्वी परका आहे असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाचे केंद्र असल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये केली होती.

तेव्हा ‘आयतोबा’ हे नाव या कृमींना पुरते लागू पडत नाही. मेदाम्ल घडवण्याची विद्या त्यांच्या घराण्याने बहुधा परजीवी होण्याआधीच गमावली, आणि तिच्या जागी वाहून नेण्याची विद्या त्यांनी नेटाने वाढवली. परजीवीला केवळ ऱ्हास पावलेला जीव मानले, तर त्याने काय गमावले तेवढेच आपण मोजत राहतो. त्याने काय जपले आहे हे पाहिले, तर त्याला कुठे गाठायचे ते कळते. पुढील भागात याच आवरणाच्या पाठीला लागू : यजमानाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहूनही शिस्टोसोमा त्याच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेतून कसा सुटतो, ते पाहू.