परसातील कोंबड्या-बदकांना हवा स्वतंत्र निवारा

नाशिक - बंगल्याच्या आवारात हौसेने कोंबड्या व बदके एकत्र पाळली जातात. मात्र हा शेजार कोंबड्यांच्या जिवावर बेतू शकतो. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या शरीरात अनेकदा कोणतेही लक्षण न दाखविता राहतो व विष्ठेवाटे पसरतो. कोंबडी मात्र दोन-तीन दिवसांतच दगावते. नाशिक विभागातीलच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला उद्रेक झाला, तेव्हा घरोघरच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला स्थलांतरित बदके उतरतात. तेथील पाणी वा गवत घरच्या पक्ष्यांसाठी आणू नये. बदकाला डुंबण्यास घमेलेभर पाणी पुरते, पण ते रोज बदलावे. कोंबड्यांचे खुराडे कोरडेच हवे. राणीखेत रोगाची लस पिलू आठवड्याचे असतानाच द्यावी. पक्षी एकाएकी दगावल्यास उघड्या हातांनी न उचलता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.