पातेरा, गायरी आणि पेशी

मेच्या अखेरीस पावस गावी रायवळ आंब्याखाली सकाळी गेलं, की रात्री पडून फुटलेल्या फळांचा आंबूस वास येतो आणि त्यावर चिलटं घोंगावत असतात. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव. डोळे लालभडक, पोट तपकिरी. बागायतदार त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं वैर मोठ्या फळमाशीशी. ती झाडावरच्या फळाला डंख करून आत अंडी घालते. तिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘रक्षक’ सापळे टांगावे लागतात आणि तिच्याच धास्तीने २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपल्या हापूसला दार बंद केलं होतं. या दोघींची गल्लत करू नये. हा लेख त्या लहानग्या चिलटाचा आहे. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात.

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता सुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, तर संस्था मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या. वनस्पतिशास्त्राचा हा प्राध्यापक. सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातली जेलीफिश त्यांनी शोधली होती. कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त होऊन ते पुण्यात आले आणि १९४६ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे पहिले संचालक झाले. त्याच संस्थेला १९९२ साली त्यांचं नाव मिळालं. तिथे डॉ. भूपेंद्र श्रावगे यांची प्रयोगशाळा चिलटांच्या अंडाशयात डोकावून एका गोष्टीचा पाठपुरावा करते: ऑटोफॅजी, म्हणजे पेशीचं आत्मभक्षण.

शब्द भीतिदायक आहे, पण काम आमच्या ओळखीचं आहे. आमच्याकडे बागेतला पातेरा गोळा करतात. सुकलेली पानं ओढून ढीग करायचा, टोपलीत दाबून भरायची, डोक्यावरून गोठ्यात न्यायची. गुरांच्या पायाखाली ती शेणा-मुतात भिजतात, मग गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, पडून कुजतात आणि त्याच कलमांच्या आळ्यात परत येतात. बागेतलं बाहेर काही जात नाही.

पेशीतही असाच पातेरा साचतो. थकलेल्या मायटोकॉन्ड्रिया, गुठळ्या झालेली प्रथिनं. त्यांच्याभोवती एक पातळ पडदा वाटीसारखा उगवतो, कडा वाढत वाढत मिटतात आणि दुहेरी पापुद्र्याची पिशवी तयार होते. ही झाली टोपली. ती लायसोसोमला जाऊन मिळते. ती गायरी. तिथली विकरं आतल्या सगळ्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे पेशी नव्या बांधणीला वापरते. लायसोसोमचा शोध लावणारे बेल्जियमचे ख्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ साली लंडनच्या एका परिषदेत या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिलं.

नाव पडून पंचवीस वर्षं झाली तरी टोपली कोण विणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८८ साली तोक्यो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. वय ४३. त्यांनी निवडलं यीस्ट, ज्याने पाव फुगतो तेच, आणि त्या यीस्टमधली रिक्तिका. पेशीची कचराकुंडी म्हणून तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. स्पर्धा नसलेलं काम करावं, ही ओसुमींची वृत्ती. मला या सगळ्या कथेत तीच सर्वांत मोलाची वाटते.

त्यांची युक्ती अशी. रिक्तिका म्हणजे यीस्टची गायरी. तिच्यातली प्रथिनं तोडणारी विकरंच ज्यांच्यात नाहीत, असे यीस्ट त्यांनी घेतले. म्हणजे टोपल्या येत राहणार, पण कुजणार काहीच नाही. मग त्या यीस्टला नायट्रोजनविना उपाशी ठेवलं आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थरथरत, एकमेकांवर आपटत नाचत होते. न कुजलेल्या टोपल्या! मग उलट शोध. ज्या यीस्टमध्ये असे गोळे साचत नाहीत, त्यात कुठला जनुक बिघडला आहे? १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने असे पंधरा जनुक पुढे ठेवले. २०१६ चं वैद्यकाचं नोबेल ओसुमींना एकट्याला मिळालं.

डॉ. श्रावगे यांची वाट चिलटाच्या अंड्यातून आली. २००७ मध्ये कोलोनच्या झिगफ्रीड रोथ यांच्यासोबतचा त्यांचा निबंध अंड्याच्या कवचाची आखणी कशी ठरते, यावर होता. पुढे अमेरिकेत एरिक बेरेकी यांच्यासोबत त्यांनी एटीजी६ हा जनुक धरला. आत्मभक्षणाचा हा जनुक मुळात यीस्टमध्ये सापडलेला. माणसातल्या त्याच्या भावंडाला बेक्लिन-१ म्हणतात आणि त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध १९९९ पासून चर्चेत आहे. २०१३ च्या त्यांच्या निबंधात दिसतं ते असं: हा जनुक नसलेलं चिलट प्रौढ होण्याआधीच मरतं, त्याच्या रक्तपेशी बिघडतात, आणि आत्मभक्षणाबरोबर पेशीतली इतर मालवाहतूकही विस्कटते. एकाच कामाचा समजलेला जनुक अनेक कामांत गुंतलेला निघाला.

पुण्यात त्यांच्या गटाचं लक्ष अंडाशयाच्या टोकावर आहे. तिथे प्रत्येक नळीच्या शेंड्याला दोन-तीन मूलपेशी असतात. सगळी अंडी त्यांच्यापासून. चिलट म्हातारं होतं तशा त्या कमी होतात. २०१९ मध्ये या गटाने अशी चिलटं तयार केली, की त्यांच्या बीजपेशींतल्या टोपल्या आणि मायटोकॉन्ड्रियातला ऑक्सिडीकरणाचा ताण, दोन्ही चमकणाऱ्या प्रथिनांमुळे दिसावेत. आधी डोळ्याला दिसण्याची सोय, मग निष्कर्ष. ओसुमींनीही तेच केलं होतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पावस स्वामी स्वरूपानंदांचं गाव. इथे उपासाला घराघरांत मान आहे, आणि तो असावा. पण एकादशी आली की मोबाइलवर मजकूर फिरतो, की उपासाने रोग बरे होतात हे सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. हे खरं नाही. नोबेल मिळालं पेशीतली यंत्रणा उलगडल्याबद्दल, तीही यीस्टमध्ये. उपासमारीत आत्मभक्षण वाढतं हे खरं आहे. पण जिवंत माणसाच्या अवयवात ते किती वाढलं, हे मोजणं आजही अवघड आहे, आणि वाढलेलं आत्मभक्षण प्रत्येक वेळी भल्याचंच असतं असंही नाही. काही कर्कपेशी त्याच बळावर तग धरतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असल्या मजकुराच्या भरवशावर जेवण सोडलं, तर साखर घसरून जीवावर बेतेल. उपास श्रद्धेने करा. त्यासाठी नोबेलचा दाखला लागत नाही.

गावातल्या शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. येत्या मेमध्ये मुलांना काचेच्या बरणीत पिकून फुटलेला रायवळ ठेवायला सांगा. चिलटं आत शिरली की तोंडाला मलमल बांधा. दहा-बारा दिवसांत अळ्या, कोष आणि नवी चिलटं दिसतील. भिंगातून त्यांचे लाल डोळे दाखवा आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतही हाच जीव बाटल्यांत वाढवतात, हे त्यांना सांगा.