चातुर्मास आणि क्लॅरोनेट

नांदेड-लातूरकडच्या बँडमध्ये गाण्याची चाल बहुधा क्लॅरोनेट धरते. इ. स. १७००च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात घडलेले हे वाद्य आज आपल्या वरातीत इतके मुरले आहे, की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. ते जाणवते दुरुस्तीच्या वेळी.

उत्तम क्लॅरोनेट आफ्रिकेतल्या काळ्या, पाण्यात बुडेल इतक्या जड लाकडाची असते. वैशाखात लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो. लाकूड बाहेरून वाळते, तर आतून फुंकेची ऊब आणि ओल लागते. हा ताण असह्य झाला, की वरच्या भागाला चीर जाते. इबोनाइटची क्लॅरोनेट अशी तडकत नाही. पॅड मात्र तिचेही झिजतात.

मी पाहिलेली कामाची रीत अशी. कारागीर भाग सुटे करतो, एक तोंड तळव्याने दाबतो, छिद्रे झाकतो आणि दुसरीकडून हवा ओढतो. ओढ टिकली नाही, तर कुठेतरी गळती आहे. मग चाव्यांखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी धरून हलकेच ओढतो. जिथे ती सहज सुटते, तिथले पॅड नीट बसत नाही. कडक वा फाटलेले पॅड बदलून लाखेने बसवतात. चाव्यांच्या दांड्या पुसून तेल देतात, मंदावलेली स्प्रिंग आणि झिजलेले कॉर्क बदलतात. चीर भरता येते, नाहीशी करता येत नाही. मुळात बेसूर घडलेली नळीही साफसफाईने सुरेल होत नाही.

चातुर्मासात लग्ने नसल्याने बँडवाल्याला सवड असते. पण पावसाळी हवेत लाकूड फुगून जोड घट्ट लागतात. म्हणून ते घासू देऊ नये. वैशाखात तेच जोड डुगडुगतात. उतरवायचे तर कॉर्क थोडे उतरवावे.

वाद्य परत घेताना आपल्याच रीडवर वाजवून पाहावे. सर्वांत खालचा स्वर सगळी छिद्रे झाकल्यावरच निघतो. एखादे पॅड गळत असेल, तर आधी तोच फसतो. बँडवाल्याचे पोट सुपारीवर चालते आणि वरात दुरुस्तीसाठी थांबत नाही. तुळशीच्या लग्नाआधी एवढे पाहून घेतले, तर उन्हाळ्यातली एखादी सुपारी वाचते.